न खणलेली जागा

आमच्या घरात नळ होता, पण आई त्याचं पाणी पीत नसे. काळेवाडीच्या चाळीत नळ आला त्या दिवशी बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. आईनेही वाहिलं, आणि कळशी कमरेवर घेऊन ती नेहमीसारखी चाचांच्या आडावर निघून गेली. चाचा मागच्या गल्लीतले मेकॅनिक, त्यांच्या गॅरेजच्या पाठीमागे जुना आड होता. नळाचं पाणी पवनेचं, आणि नदीचं पाणी आई पोटात जाऊ देत नसे. धुणीभांडी त्या पाण्याने चालायची. प्यायला आणि शिजवायला मात्र आडाचंच. चाळीतल्या बायकांना हे सोवळ्याचं खूळ वाटे, पण मग मुसलमानाच्या आडाचं पाणी हिला कसं चालतं, तिथे त्यांचं घोडं अडायचं. माझंही बरीच वर्षं तिथेच अडलं होतं.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले आणि पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागले. वडील त्याआधीच गेले होते, कंपनीत, मशीनपाशी उभ्या उभ्या. माझं काम नदीच्या गाळाचं होतं. गाळ कुठून सुटतो, किती सुटतो, कुठे जाऊन बसतो. मोठ्या फुशारकीने मी हे आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"नदीत टाकलेलं कुठं जातं, ते कळतं तुमाला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काय टाकलंय त्यावर आहे. जड असेल तर जवळच बसतं, हलकं असेल तर लांब जातं.

"हलकं," ती म्हणाली. "लई हलकं."

मग तिने जे सांगितलं ते मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं आणि मी ते ठाऊक नसल्यासारखीच वाढले होते. मला एक भाऊ झाला होता. बारसं व्हायच्या आत गेला. तेव्हा आम्ही गावी राहत होतो, मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठी. मी शाळेत जायला नुकती लागले असेन. घरात रोज ओवा-बाळंतशेपांच्या धुरीचा वास असायचा आणि एके दिवशी तो नव्हता, एवढंच मला आठवतं. श्रावण होता, नदीला पूर होता. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून वडील आणि थोरले चुलते त्याला घेऊन गेले. बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही. दोघं फार लवकर परत आले. कंबरेपर्यंत भिजलेले होते. आणि दारामागे टेकवून ठेवलेली कुदळ आईने पाहिली, तिला मातीचा कणही लागलेला नव्हता.

आमच्याकडे बाळाला कुठे ठेवलं ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर तिची कूस तिथेच अडकते, पुढे मूल होत नाही, असं मानतात. वडील बिचारे हे असलं काही मानणाऱ्यांतले नव्हते, पण या एका बाबतीत ते तोंड मिटून बसले आणि तसेच गेले.

"मला पुढं कुणी झालंच न्हाई," आई म्हणाली. "मग लपवलं कुणासाठी? पुरलं आसंल तर एकदा सांगायचं. मला वाटतं पुरात सोडलं त्यांनी. जिमीन सगळी पाण्याखाली व्हती."

म्हणून ती नदीचं पाणी पीत नव्हती. मी शहाणपणा करून तिला सांगितलं की तो पूर इंद्रायणीचा, आपला नळ पवनेचा, आणि या दोघींचं पाणी भीमेत जाईपर्यंत कुठे एक होत नाही. ती म्हणाली, नदी ती नदीच. चाचांच्या आडात झिरपतं तेही शेवटी नदीचंच पाणी, हे मात्र मी कधी बोलले नाही. तेवढी अक्कल मला होती.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला मोठ्या देशांनी हवेत अणुबॉम्बचे इतके स्फोट केले की त्यांची धूळ साऱ्या पृथ्वीवर फिरली आणि पावसाबरोबर खाली आली. उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर उडवलेल्या बॉम्बची राख आमच्या मोशीच्या ज्वारीवर पडली. त्या राखेत एक प्रकारचं सीझियम असतं. बॉम्बच्या आधी ते मातीत कुठेच नव्हतं. हाताला हळद लागावी तसं ते मातीच्या कणाला लागतं आणि मग सुटत नाही. माती गेली तर तिच्यासोबत जातं, माती बसली तर तिच्यासोबत बसतं. ज्या शेतात ते कमी सापडेल तिथली माती वाहून गेली. ज्या काठावर ते खोल गाडलेलं सापडेल तिथे नवी माती येऊन बसली. त्या वर्षांतल्या पावसाने सगळ्या जमिनीवर एकदाच खूण करून ठेवली होती आणि आम्ही ती खूण हुडकत फिरत होतो.

आमचे सर हे सगळं फार मजेत सांगायचे. पुण्याचा माणूस, चेहरा न हलवता विनोद करणारा. नवीन आलेल्याला ते म्हणत, "माती कशाला, आधी स्वतःलाच मोजा. त्या वर्षांतलं दूध प्यायलेले सगळे थोडे थोडे बॉम्ब आहेत." मग जरा गंभीर होऊन सांगत की त्या राखेत सीझियमचा एक भाऊबंदही असतो, तो हाडांत जाऊन बसतो, लहान मुलांच्या तर लवकर. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. आईने भावाचं सांगितल्यानंतर ऐकलं तेव्हा मला खोलीबाहेर जावं लागलं. त्याची हाडं आईच्या पोटात नेमक्या त्याच वर्षांत घडली होती.

या कामाला आधी एक जागा लागते. त्या पावसानंतर जिला कुणी हातच लावलेला नाही अशी. नांगर नाही, कुदळ नाही, बांधकाम नाही. पडलेलं सगळं जिथे जसंच्या तसं आहे अशा जागेवरून बाकीच्यांचा हिशेब करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण आमचा पट्टा तेव्हा कसा होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. आकुर्डीपासून भोसरीपर्यंत कारखान्यांचे पाये खणलेले, निगडीला प्राधिकरणाचे प्लॉट पाडायचं चाललेलं, उरलेल्या माळावरचा मुरूम ट्रकांनी नेलेला. चाकणच्या बाजूला गेलो तर कांद्याची रानं, आणि ती तर सतत खालीवर होणारी. सर वैतागून म्हणाले की या भागात न उकरलेली जमीन आता फक्त सातबाऱ्यावर शिल्लक असेल. तेव्हा मी म्हटलं, आमच्या गावात विचारून पाहू.

गावात थोरले चुलते होते. आईने त्यांच्यासमोर जन्मात डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता आणि त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तशी रीतच होती. आम्ही जीपने गेलो तो थंडीतला दिवस. मातीचा नमुना काढायचा लोखंडी पाइप चाचांनीच गॅरेजमध्ये बनवून दिला होता, तो घणाने ठोकायलाही तेच आले होते. सरांनी चुलत्यांना सगळं समजावून सांगितलं. चुलते ऐकत होते सरांचं, पण बघत होते माझ्याकडे. मग म्हणाले, हाय एक जागा.

नदीच्या वरच्या अंगाला, काठापासून आत, एक मोठं करंजाचं झाड होतं. त्याच्याभोवती मोकळा तुकडा. टळटळीत दुपार होती आणि तरी तिथे पाऊल टाकताच आम्ही सगळे हळू आवाजात बोलायला लागलो, कुणी सांगितलं नव्हतं. गवत कमरेइतकं वाढलेलं होतं. शेजारच्या पायवाटेवर शेण पडलेलं दिसत होतं, पण त्या गवतात गुरांनी तोंड घातल्याची खूण नव्हती. चाचांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. मी विचारलं तर म्हणाले, सवय आहे.

"हितं नांगर न्हाई लागला," चुलते सरांना म्हणाले. "कुदळ न्हाई लागली. आमच्या वडलांपासनं कुणी हात लावला न्हाई."

सर हरखले. आम्ही दोरी लावून तुकड्याचे भाग पाडले आणि एकेका ठिकाणी पाइप ठोकायला लागलो. जमीन कठीण होती, घणाचा आवाज नदीपलीकडून परत येत होता. करंजाच्या मुळापाशी आलो तेव्हा चाचांनी घण उचलला, एकदा मारला, दुसऱ्यांदा मारला, आणि पाइप आतून कुणी ओढून घेतल्यासारखा खाली गेला. चाचांनी घण खाली ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. सर म्हणाले उंदराचं बीळ असेल, काढा. आम्ही काढला. त्या पाइपातली माती बाकीच्यांपेक्षा काळी आणि भुसभुशीत होती, इतकंच मला तेव्हा दिसलं. चुलते कधी निघून गेले होते ते कुणालाच कळलं नाही.

घरी येऊन मी आईला उत्साहाने सांगितलं. अखेर जागा मिळाली, आपल्याच गावात, करंजाखाली, आणि तिथे आजवर कुणी कुदळसुद्धा लावलेली नाही. आई भाकरी थापत होती. तिने पीठ परातीत टाकलं आणि हात तसेच धरून बसली.

"कोण म्हणालं?"

"काका."

"सोता म्हणालं? कुदळ लावली न्हाई म्हनून?"

मी हो म्हटलं. तवा तापून धूर यायला लागला तरी ती हलली नाही, शेवटी मीच तो उतरवला. मग ती म्हणाली की ती लेकरांची जागा आहे. गावातली तान्ही पोरं गेली की तिथेच न्यायचे. आपल्या बाळालाही तिथेच नेतो म्हणून हे दोघं घेऊन गेले होते. त्याच्यानंतर पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीने रस्त्याच्या वर दुसरी जागा दिली, तेव्हा आपलंच शेवटचं.

मी म्हटलं, अगं, लेकरांची जागा आहे म्हणजे खणलेली असणारच, काका खोटं बोलले.

"दुसऱ्यांनी खणली आसंल," आई म्हणाली. "त्यांच्या हातानं खणली न्हाई, म्हनून तर त्यांच्या तोंडातनं तसं आलं. आता कळलं मला. नदीतच."

त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला राग आला. चुलत्यांचा आला, वडिलांचा आला, त्या रीतीचा आला आणि माझ्या जिभेचाही आला. रविवारी मी एसटीने गावी गेले आणि चुलत्यांना ओसरीवर गाठून सरळ विचारलं. ते म्हणाले, "असलं विचारू न्हाई, पोरी," आणि उठून गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीआडून काही बाहेर आले नाहीत.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात आलं की विचारायला आणखी एक जण आहे. करंजाखालचे पाइप आमच्याकडे होते. ती राख पावसातून आली आणि जमिनीच्या अगदी वरच्या थरात राहिली. न खणलेल्या जमिनीत ती वितभर खालीही फारशी जात नाही. त्या पावसाच्या आधी कुणी खड्डा खणून बुजवला असेल तर खड्ड्यात राख वरच सापडेल. पण पावसाच्या नंतर खणला असेल तर वरची माती खाली पडणार, खालची वर येणार, आणि राख जिथे तिला जायला वाटच नाही अशा खोलीवर जाऊन बसणार. आईने मला आठवून सांगितलं की आपल्या आधीचं तिथलं शेवटचं बाळ पाटलांच्या सुनेचं, आणि तेव्हा आई नवी नवरी होती. म्हणजे पावसाच्या कितीतरी आधी. पावसानंतरचा खड्डा सापडलाच तर तो एकाचाच असणार. नाही सापडला, तर आईचं खरं.

हे मी आईला सांगितलं. सांगावं की नाही असा विचार केला होता, पण तिच्यापासून आणखी एक गोष्ट लपवायचं माझ्याने झालं नाही. तिने एवढंच विचारलं, "माती खोटं न्हाई ना बोलणार?" मी म्हटलं, नाही.

पाइपातल्या मातीचे बोटभर जाडीचे काप करून, वाळवून, चाळून आम्ही प्लास्टिकच्या डब्यांत भरत असू. एकेक डबा शिशाच्या जाड पेटीत ठेवायचा आणि यंत्राने तो दिवसभर मोजायचा. खोली थंड ठेवावी लागे आणि तिथे खिडकी नव्हती. यंत्राच्या काचेवर हिरवे ठिपके उगवत. सीझियम असेल तर ठरलेल्या जागी ठिपक्यांवर ठिपके चढून हळूहळू एक टेकडी उभी राहते. नसेल तर तिथे सपाट राहतं. पण पेटी रिकामी ठेवली तरी ठिपके थोडे थोडे येतच राहतात. भिंतीतून, शिशातून, आपल्या अंगातून. मला त्या खोलीत एकटं बसायला कधीच आवडलं नाही, आणि त्या दिवसांत तर पाठ भिंतीला लावून बसायचे.

करंजाखालचे बाकीचे पाइप नीट वागले. वरच्या डब्यात टेकडी, खाली सपाट. सर खूश होते. मग मुळापाशी काढलेल्या पाइपाचा नंबर आला. वरच्या डब्यात टेकडी बारकी. दुसऱ्यात तशीच. तिसऱ्यात, चौथ्यात तशीच. मी खालचे डबे लावत गेले आणि प्रत्येक डब्यात ती टेकडी होती. सगळ्यात शेवटचा डबा हातभर खोलीवरचा. तो लावला तेव्हा दुपारचे चहाचे कप वाजत होते, कॅन्टीनचा पोऱ्या पलीकडे कुणाशी तरी भांडत होता. मी काचेकडे बघत बसले. बराच वेळ काही नव्हतं, आणि मग ठिपके त्या जागी चढायला लागले. एका श्रावणात वडिलांच्या कुदळीखाली पडलेली ती वरची माती होती, तिथे जायला तिला दुसरी वाटच नव्हती. मला थंडी वाजली, आणि मी रडलेही. यंत्रासमोर बसून रडताना माणूस किती मूर्ख दिसत असेल याची मला तेव्हाही कल्पना होती.

सरांनी आकडे पाहिले आणि भुवया चढवल्या. कुणीतरी आपल्याला फसवलंय, ही जागा बाद, असं ते म्हणाले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी एकदाही विनोद केला नाही. शेवटी त्यांनी त्या पाइपाचे सगळे डबे स्वतः कपाटातून काढले, झाकणांना चिकटपट्टी लावली आणि माझ्यासमोर ठेवले. मोजून झालेली माती आमच्याकडे मागच्या गटारात टाकत, आणि ते गटार नदीला मिळत होतं. सर म्हणाले, "ही आपली नाही. जिथली आहे तिथे ठेवून या."

आईला सांगितलं तेव्हा ती उठली. चुलीपाशी जाऊन बसली आणि त्या दिवशी दोघींसाठी पुरणपोळ्या केल्या. तिने डबे कधी न्यायचे ते विचारलं. पण मध्ये पावसाळा आला, नदीला पूर आला, आणि आम्हाला दसऱ्यापर्यंत थांबावं लागलं. तोवर डबे आमच्या घरात देवाच्या कोनाड्याखाली होते. आई येता-जाता त्यांच्याकडे बघायची. एकदा मी घरात शिरले तर ती त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी परत बाहेर जाऊन दार वाजवून आले.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो. चाचांनी टेम्पो काढला, आईने नको म्हटलं तरी. चुलत्यांना मी निरोप धाडला होता. ते करंजापासून लांब, पाठमोरे उभे होते. आई डोक्यावरून पदर घेऊन गवतात शिरली आणि थांबली.

"तवा नदी लांब व्हती," ती मला म्हणाली.

तेच मला तिला सांगायचं होतं आणि धीर होत नव्हता. कारखान्यांच्या बांधकामाला वाळू लागते, ती वर्षानुवर्षं या पात्रातून ट्रकांनी चाललेली होती, आणि तळ खचला की नदी काठ खाते. काठावरच्या आमच्या नमुन्यांनी हेच दाखवलं होतं. या पावसाळ्यात तर ती करंजापर्यंत येऊन ठेपली होती. झाडाची अर्धी मुळं उघडी पडून पाण्यावर लोंबत होती. आम्ही पाइप ठोकला होता ती जागा आता काठापासून हाताच्या अंतरावर होती.

मी डबे उघडले. आईने एकेका डब्यातली माती हाताने त्या भोकात घातली, सगळ्यात खालची आधी. कुठला डबा खालचा ते तिने मला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग पदर सावरला आणि समोर कुणाकडेही न बघता, पण पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हितंच का?"

थोरल्या दिराशी ती पहिल्यांदा बोलत होती. चुलते वळले नाहीत.

"मुळापाशी," ते नदीकडे बघत म्हणाले. "खालची सगळी पाण्यात व्हती, म्हनून वर. मला कुदळ धरू दिली न्हाई त्यानं. मीठ घातलं व्हतं. मग नदीत उतरून कुदळ धुतली." पुढे म्हणाले, "त्या साहेबाला सांगितलं आसतं मी. पर पोरगी हुबी व्हती. बाळाच्या भनीपुढं कसं सांगायचं?"

एवढं बोलून ते गावाकडे चालायला लागले. इतकी वर्षं या एवढ्याशा गोष्टीने आईला पाण्यापासून तोडून ठेवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण त्यांचे खांदे पाहिले आणि ओरडता आलं नाही.

"आई," मी म्हटलं, "हा काठ राहणार नाही. एक-दोन पावसाळ्यांत नदी इथवर येईल. मग ही माती जाईल."

ती माती दाबत होती, ती दाबून पुरी केली. मग म्हणाली, "जाऊ दे. तवा मला न सांगता गेलं आसतं. आता मला ठावं हाय."

तिच्या हातांना काळी माती लागलेली होती. ती लुगड्याला न पुसता आई उतारावरून खाली गेली, सावकाश, मुळांना धरत. मी मागे गेले. पाणी गढूळ होतं. तिने हात पाण्यात बुडवले आणि चोळले नाहीत, नुसते धरून ठेवले. माती आपोआप सुटत गेली.

"हे कुठवर जाईल?"

मी तिला नीट सांगितलं. इथून आळंदी, पुढे तुळापूरला भीमा. हलकं आहे, लांब जाईल.

"कुठं थांबंल का?"

"उजनीला. तिथे आता धरण झालंय. पाणी थांबतं, मग गाळ खाली बसतो."

"मग बरं," ती म्हणाली.

तिने हात धुतले तिथेच ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. त्या पाण्यात काय काय असतं हे माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिला अडवलं नाही.